वाचवलेले दीड मिलिसेकंद

ऑफिसात तिला सगळे चित्रगुप्त म्हणत. हे नाव मास्तरांनी ठेवलं होतं, बारा वर्षांपूर्वी, तिला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता तेव्हा. तिच्या प्रोग्रॅममध्ये कामाच्या ओळींपेक्षा नोंदींच्या ओळी जास्त असायच्या. मोटर सुरू केली, नोंद. मोटर थांबवली, नोंद. बटण दाबल्यासारखं वाटलं पण दाबलं नव्हतं, त्याचीही नोंद. मास्तर तिच्या खुर्चीमागे उभे राहून ते वाचत होते, आणि म्हणाले होते की हिच्या हाताखाली मशीनला पाप करायची सोय नाही. सगळे हसले, तीही हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला शेजारी बसवून ते सी भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, म्हणून मास्तर. तिला त्यांनी शिकवलेला पहिला नियम असा की नोंदीच्या ओळीत काम करायचं नाही. काम आधी, वेगळ्या ओळीत, नोंद मागाहून. कारण नोंद उद्या कुणीतरी काढून टाकणार, आणि काम तिच्या पोटात असलं तर तिच्याबरोबर तेही जाणार. तिला सख्खा भाऊ नव्हता. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात नवऱ्यानंतर पहिले आले ते मास्तरच, आणि पुढे मुलगी बोलायला लागली ती त्यांना मामा म्हणूनच हाक मारायला लागली. मास्तरांच्या बायकोला ती स्वतः वहिनी म्हणायची. दोन्ही घरांत जाणं-येणं इतकं, की कुणाच्या घरी कुणाची छत्री राहिली आहे याचा पत्ता नसायचा.

कंपनी सुरक्षेच्या पेट्या बनवायची. पत्रा दाबून त्याला आकार देणारे मोठे प्रेस असतात. त्यांच्या तोंडाशी दोन खांब उभे करायचे; एका खांबातून दुसऱ्याकडे डोळ्यांना न दिसणारे किरण जातात. कामगाराचा हात आत गेला की किरण अडतो, पेटीला ते कळतं, आणि वरून येणारा ठोकळा जागच्या जागी थांबतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हावं लागतं. पेटीतला प्रोग्रॅम या दोघांनी मिळून लिहिला होता. किरण वाचायचा भाग मास्तरांचा, नोंदींचा भाग तिचा.

नोंदींना वेळ लागतो हे या धंद्यातलं जुनं दुखणं. आकडा घ्यायचा, त्याचं वाक्य बनवायचं, ते एका तारेतून अक्षर अक्षर करत बाहेर ढकलायचं. तोवर ठोकळा बोटभर खाली आलेला असतो. म्हणून बहुतेक जण चाचणीपुरत्या नोंदी चालू ठेवतात आणि माल बाहेर पडताना एका फटक्यात सगळ्या पुसतात. पेटी गिऱ्हाइकाकडे गेली की मुकी. पुढे काही विपरीत घडलं तर तिला विचारून काही उपयोग नाही. तिला हे कधीच पटलं नव्हतं. तीन आठवडे खपून तिने वेगळी रीत बसवली. पेटीने वाक्यं लिहायचीच नाहीत. नोंद कुठली आहे त्याचा क्रमांक आणि सोबत एक आकडा, एवढंच मेमरीच्या एका कोपऱ्यात टाकायचं. जागा भरली की सगळ्यात जुनी नोंद आपोआप जाईल. वाक्य बनवायचं ते नंतर, कुणी विचारलं तर, फुरसतीने. अशा एका नोंदीला एक मायक्रोसेकंद लागायचा, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पेटीच्या एका फेरीत चाळीस नोंदी. तिने ऑसिलोस्कोप, म्हणजे वेळ मोजायचं यंत्र, लावून हे पुन्हा पुन्हा मोजलं होतं. मास्तरांनीही पाहिलं होतं, आणि म्हणाले होते की आता मी घरी बसायला मोकळा झालो.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की थांबायचा निर्णय आठ मिलिसेकंदांच्या आत व्हायला हवा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग; यांची पेटी नऊ घेत होती. एक मिलिसेकंद कुठून काढायचा यावर सगळ्यांनी डोकं खाजवायला सुरुवात केली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या मुलीला कांजिण्या आल्या. रजा मागायला तिच्या जिवावर आलं. मास्तरांनीच तिला घालवलं. म्हणाले, पोरीकडे बघ, इथलं मी निभावून नेतो.

दहा दिवसांनी ती परत आली तेव्हा पेट्या गिऱ्हाइकाकडे रवाना झाल्या होत्या. सोमवारच्या बैठकीत मास्तरांनी सांगितलं की सगळ्यांनी मिळून नोंदींचं ओझं उतरवलं आणि दीड मिलिसेकंद हाती लागला. टाळ्या वाजल्या. ती मागच्या रांगेत बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. तीन आठवड्यांचं काम एका ओळीत पुसलं गेलं होतं. घरी येऊन तिने नवऱ्याजवळ मन मोकळं केलं. तो म्हणाला, अगं, तारीख डोक्यावर होती, त्यांचाही नाइलाज झाला असेल. तिने तसंच समजून घेतलं आणि विषय सोडून दिला. खरं तर तेव्हाच तिने एक साधी गुणाकाराची आकडेमोड करायला हवी होती. पण दुखावलेलं माणूस आकडे करत नाही, तोंड फिरवून बसतं.

सात महिन्यांनी फोन आला. त्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यात एका बाईचा हात प्रेसखाली सापडला होता. एकोणीस वर्षं त्याच कामावर असलेली बाई. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्याने आपल्या अहवालात लिहून टाकलं होतं की कामगाराने निष्काळजीपणे हात आत घातला, आणि बाईला कामावरून घरी बसवलं होतं. आता कामगार सुरक्षेची तपासनीस बाई पेटीच्या कंपनीला विचारत होती की त्या क्षणी पेटीला काय दिसलं.

पेटीला काय दिसलं ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

बैठक मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. लांब टेबल, सहा माणसं, समोर चहाचे कप. साहेबांनी विचारलं, नोंदी बंद करायचा बदल कुणी केला? चाचणी विभागाच्या प्रमुखाने लॅपटॉपवर बदलांची यादी उघडली आणि तारखेसकट तिचं नाव वाचलं.

तिला आधी वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मग तिच्या लक्षात आलं. वेळ मोजायचं यंत्र चाचणीच्या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरला जोडलेलं होतं, आणि तो तिचा होता. त्यावर बसून कुणीही बदल केला तरी नाव तिचंच पडायचं. तिने शांतपणे सांगितलं की त्या तारखेला मी रजेवर होते. आणि तिने मास्तरांकडे पाहिलं. आता ते बोलतील. एक वाक्य पुरे होतं, मी बसलो होतो तिथे, एवढंच.

मास्तर बशीतला कप गोल फिरवत होते. कपाचा कान एकदा साहेबांकडे, एकदा खिडकीकडे.

साहेबांनी त्यांनाच विचारलं, तुम्हाला काही माहीत आहे का? मास्तर मान वर न करता म्हणाले, "त्या टेबलावर सगळेच बसतात." आणि थोडं थांबून, "नोंदी मुळात हलक्या असत्या तर काढायची वेळच आली नसती."

परक्याने असं म्हटलं असतं तर ती तिथल्या तिथे भांडली असती. पण हा आवाज तिला बारा वर्षं शिकवणारा, तिच्या मुलीचं नाव ठेवताना मध्ये मध्ये बोलणारा. बैठक संपली. सगळे उठले, तीही उठली.

जिना उतरताना मात्र ते वाक्य तिच्या मनात टोचायला लागलं. मुळात हलक्या असत्या तर. हलक्याच तर होत्या. चाळीस नोंदी, प्रत्येकी एक मायक्रोसेकंद, म्हणजे चाळीस मायक्रोसेकंद. दीड मिलिसेकंद म्हणजे पंधराशे. चाळीस काढून पंधराशे कसे वाचतील? ती जिन्यातच थांबली. नोंदींबरोबर दुसरं काहीतरी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीच्या खोलीचं दार आतून लावून घेऊन ती बसली. जुना प्रोग्रॅम पेटीत भरला, मोजलं: नऊ. नोंदी पुसलेला भरला: साडेसात. मग तिने एकेक नोंद हाताने काढायला सुरुवात केली. एक काढली, फरक शून्य. दुसरी, तिसरी, दहावी, आकडा हलायला तयार नाही. एकतिसावी काढली आणि पडद्यावरची रेघ दीड मिलिसेकंदाने खाली बसली.

ती नोंद मास्तरांच्या फाइलमधली होती.

प्रेसच्या धक्क्याने खांब थरथरतात आणि कधी कधी एखादा किरण चुकीचा वाचला जातो. म्हणून पेटी किरण एकदा वाचायची, दीड मिलिसेकंद थांबायची, आणि दुसऱ्यांदा वाचायची. दोन्हींतल्या एका वाचनात जरी हात दिसला तरी प्रेस थांबायचा. हे दुसरं वाचन मास्तरांनी नोंदीच्या ओळीतच घातलं होतं: नोंद कर, दुसऱ्यांदा वाचून काय दिसलं ते. वाचायचं कामही तीच ओळ करत होती. नोंद पुसली आणि दुसरं वाचन बंद पडलं. हजारांत एखाद्या वेळीच पहिली नजर चुकते, त्यामुळे चाचणीत हाताच्या जागी शंभर वेळा दांडी घातली तेव्हा प्रेस शंभर वेळा थांबला होता. कारखान्यात दिवसाला तीन हजार ठोके पडतात.

चूक माणसाकडून होते, असं तिने स्वतःला समजावलं असतं. पण फाइलमध्ये थोडं वर अजून एक बदल होता, त्याच तारखेचा, वीस मिनिटांनंतरचा. नोंद गेल्यावर दुसरं वाचन करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला, कुणी बोलावतच नव्हतं, आणि प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असं दिसलं की लगेच तक्रार करतो: हे फंक्शन लिहिलं आहे, पण कुठेच वापरलेलं नाही. त्या फंक्शनच्या डोक्यावर एक शब्द चिकटवून ती तक्रार गप्प केली होती.

म्हणजे कंपायलरने सांगितलं होतं. वाचणाऱ्याने वाचलं होतं.

फाइलच्या तळाशी तपासणाऱ्याच्या जागी तिची आद्याक्षरं होती. तीन वर्षांपूर्वी, मूळ फाइल लिहिली गेली तेव्हाची. मास्तरांचा कोड म्हणून तिने तो न वाचताच पास केला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर ती ओळ तिच्या नजरेतून सुटली नसती.

दुपारी तिने मास्तरांना खोलीत बोलावलं. पडद्यावरची रेघ दाखवली, ओळ दाखवली, तो चिकटवलेला शब्द दाखवला. ते चष्मा कपाळावर सरकवून उभे राहिले. बसले नाहीत.

"ही वॉर्निंग तुम्ही पाहिली होती?" तिने विचारलं.

"पाहिली होती." ते म्हणाले. "सगळं जमून आलं होतं गं. साडेसात आकडा दिसत होता, साहेबांचे फोनवर फोन येत होते. म्हटलं, माल जाऊ दे, मग नीट बघू. मग राहून गेलं."

"आणि काल? काल काय राहून गेलं?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "तू रजेवर होतीस हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्यावर काही शेकणार नाही असं मला वाटलं. मी बोललो असतो तर माझं सगळंच संपलं असतं."

"म्हणजे माझं थोडं बिघडलं तर चालणार होतं."

मास्तर चष्म्याची काच सदऱ्याला पुसायला लागले. ती म्हणाली की माझं राहू दे, अशा एकशे चाळीस पेट्या आज या क्षणी चालू आहेत, त्या थांबल्या पाहिजेत. तुम्ही स्वतः साहेबांकडे जा. उद्या सकाळी दहापर्यंत तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन. मास्तरांनी मान हलवली. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखा. तिला रडू आलं, आणि आपण बरोबर केलं असंही वाटलं. माणूस घसरला, पण उठेल.

सकाळी दहाला पाच मिनिटं असताना साहेबांनी तिला आत बोलावलं. मास्तर साडेआठलाच येऊन गेले होते. साहेब खुशीत नव्हते, पण त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. सगळ्या पेट्या बंद करायचे निरोप गेले होते. ते म्हणाले, तुमच्या मास्तरांनी रात्रंदिवस खपून दोष शोधून काढला. नोंदींची मांडणीच अशी होती म्हणे, की त्या काढल्या की वाचन बंद पडावं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, चुका सगळ्यांच्याच होतात. पुढचे काही महिने तुम्ही कागदपत्रांच्या विभागात बसा.

तिने दिलेली एक रात्र मास्तरांनी अशी वापरली होती. तिचंच मोजमाप, तिचीच रेघ, आणि त्यावर दोषाला तिचं नाव. कालच्या गप्प बसण्याला ती भीती म्हणू शकली असती. याला म्हणायला तिच्याजवळ शब्द नव्हता. डोक्यावर हात ठेवला तेव्हाच त्यांचं ठरलं होतं का, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

ती साहेबांच्या खोलीतून निघून सरळ फाटकावर गेली. पहारेकरी काका तिला ओळखत होते. सात महिन्यांपूर्वीची वही त्यांनी कपाटातून काढून दिली. त्या दहा दिवसांत तिची सही कुठेच नव्हती. आणि त्या तारखेला चाचणीच्या खोलीची किल्ली कुणी नेली, तिथे मास्तरांची सही होती, त्यांच्या वळणदार, शिकवणाऱ्या अक्षरात. काकांनी तिला पानांचे फोटो काढू दिले आणि का म्हणून विचारलं नाही.

साहेबांनी ते फोटो पाहिले, मूळ ओळ पाहिली, चिकटवलेला शब्द पाहिला. फोन तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "पेट्या थांबल्या ना? मग आता नावं उगाळून काय मिळणार? मास्तर दोन वर्षांत निवृत्त होतील."

तिने सांगितलं की माझं नाव कुठेही लिहा, मला फरक पडत नाही. पण त्या बाईच्या अहवालात निष्काळजीपणा लिहिला आहे, तो खोडला जाईल का? साहेब म्हणाले की तो कारखान्याचा अहवाल, आपण त्यात कशाला पडायचं. तेव्हा ती उठली. त्याच दुपारी तिने मोजमापं, दोन्ही बदल आणि वहीची पानं एकत्र करून तपासनीस बाईंकडे नेऊन दिली, आणि सोबत एक ओळ लिहून दिली की ती फाइल मी न वाचता पास केली होती.

पुढचं सगळं सावकाश झालं, कचेऱ्यांत होतं तसं. चौकशी झाली. मास्तरांनी आधी कानांवर हात ठेवले, मग सही त्यांच्यासमोर ठेवल्यावर कबूल केलं. त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं गेलं. तिला ताकीद मिळाली, आणि ऑफिसातली निम्मी माणसं तिच्याशी कामापुरतं बोलायला लागली. त्यांच्या मते म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर तिने एवढं आणायला नको होतं. वहिनींचा एकदा फोन आला. त्या भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तू आधी माझ्याकडे यायचं होतंस." तिला सांगता आलं नाही की आधी ती त्यांच्याकडेच गेली होती, त्यांच्या नवऱ्याकडे.

कारखान्याच्या त्या बाईला ती भेटायला गेली तेव्हा त्या पहिल्या फोनला दोन महिने होऊन गेले होते. कामगारांच्या वस्तीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघरात टेबल, टेबलावर वाळत घातलेले कपडे घडी करायचे राहिलेले. बाई डाव्या हाताने आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांनी घड्या घालत होती. चौकशीनंतर तिला कामावर परत घेतलं होतं, पण प्रेसवर नाही, भांडारात.

तिने सगळं सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत. दोनदा वाचायचं, एकदाच वाचलं, दुसऱ्यांदा का वाचलं नाही, कुणाला ठाऊक होतं. बाई घड्या घालत ऐकत राहिली. शेवटी हातातला शर्ट खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नाही."

"तीन महिने मी तोच विचार करतेय, मॅडम. हात आत का घातला मी. एकोणीस वर्षांत घातला नाही, त्या दिवशी काय झालं होतं मला. नवऱ्याला वाटलं माझं लक्ष नव्हतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं." तिचा आवाज चढला नाही, पण चेहरा बदलत गेला. "पत्रा अडकला की हात घालूनच काढतात, सगळेच काढतात, किरणांचा पडदा आहे म्हणून तर घालतात. आणि तुम्ही तिकडे खुर्चीत बसून तो पडदा अर्धा काढून ठेवला."

"हो," ती म्हणाली.

बाईने आतल्या खोलीतून वही आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. म्हणाली, कचेरीतून आलेला कागद मला कळत नाही, नवऱ्यालाही कळत नाही. आत्ता सांगितलंत तसंच लिहून द्या. मी ते घरात ठेवीन आणि कारखान्यातही दाखवीन.

ती लिहायला बसली. अर्धं पान झाल्यावर बाई खुर्ची ओढून शेजारी आली आणि बोट टेकवत वाचायला लागली. एका ओळीवर ते बोट थांबलं.

"इथे 'चूक झाली' असं लिहिलंय तुम्ही. अशी कशी होईल? कुणीतरी केली असेल ना. कुणी केली ते लिहा."

तिने ते दोन शब्द खोडले. मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं. इतक्या वर्षांत ते कधी लिहायची वेळ आली नव्हती. मग त्याखालच्या ओळीत, न वाचता पास करणाऱ्याचं म्हणून, आपलं लिहिलं. बाईने दोन्ही नावं मोठ्याने वाचली, मान डोलावली, आणि पुढचं लिहा म्हणाली.